नाटकाचे इमान आणि चित्रपट

एखाद्या गाजलेल्या नाटकावरचा चित्रपट पाहून मंडळी बाहेर पडली की दारातच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "नाटकाची पार वाट लावली." दुसरा म्हणतो, "छे, अगदी जसेच्या तसे उतरवले आहे." पानवाल्याच्या दुकानापर्यंत वाद रंगतो आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल ग्राह्य धरून सगळे घरी जातात. परंतु 'जसेच्या तसे' म्हणजे नेमके कशासारखे, हा प्रश्न त्या गर्दीत सहसा कोणी विचारीत नाही. तोच आज श्रोत्यांपुढे ठेवावा असे आम्ही योजिले आहे. उदाहरणाला आम्ही शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' घेतो. त्यावर चित्रपट पुष्कळ निघाले आहेत आणि आपल्या रंगभूमीचाही त्याच्याशी जुना घरोबा आहे. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने केलेले त्याचे भाषांतर १८८३ साली प्रसिद्ध झाले आणि गणपतराव जोशी यांनी चंद्रसेनाच्या भूमिकेत महाराष्ट्राला वेड लावले. डेन्मार्कचा राजपुत्र चंद्रसेन झाला म्हणून त्या काळच्या प्रेक्षकांना तो परका वाटला नाही.

पहिली अडचण मुळातच आहे. मूळ नाटक कोणते? 'हॅम्लेट'च्या जुन्या छापील प्रती एक नव्हे, तीन आहेत. पहिली १६०३ सालची, बरीच आखूड आणि ओबडधोबड. दुसरी १६०४-०५ ची, पुष्कळ मोठी. तिसरी, कवीच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १६२३ साली निघालेल्या समग्र नाट्यसंग्रहातली. चौथ्या अंकात फोर्टिन्ब्रासचे सैन्य पाहून हॅम्लेट स्वतःला दूषणे देतो, ते मोठे स्वगत दुसऱ्या प्रतीत आहे, तिसरीत नाही. मग ते गाळणारा दिग्दर्शक बेइमान म्हणायचा की १६२३ च्या प्रतीशी इमानी? तेव्हा 'मुळात असे नाही' असे ठणकावण्यापूर्वी कोणते मूळ, हे स्वतःला विचारणे बरे.

दुसरा प्रश्न काटछाटीचा. हे नाटक अक्षर न गाळता केले तर सुमारे चार तास लागतात. तेव्हा कात्री ही आलीच. परंतु किती ओळी गेल्या हे मोजण्यात फारसा अर्थ नाही. जे गेले ते नाटकात कोणते काम करीत होते, हे पाहिले पाहिजे. लॉरेन्स ऑलिव्हिए यांच्या १९४८ च्या चित्रपटात रोझेनक्रांत्झ आणि गिल्डनस्टर्न ही जोडी नाही, आणि फोर्टिन्ब्रासही नाही. आम्ही तो चित्रपट प्रथम पाहिला तेव्हा ओळखीची वाक्ये कानी पडताच खुशाल 'इमानी' असा शेरा देऊन मोकळे झालो होतो. पुढे नाटक हाती घेऊन बसलो तेव्हा चूक ध्यानात आली. या नाटकात बाप गमावलेले तरुण तीन आहेत. लेअर्टिस विचार न करता सुडासाठी तलवार उपसतो. हॅम्लेट विचारात अडकतो. फोर्टिन्ब्रास चुलत्याच्या आज्ञेवरून सुडाचा बेत सोडतो आणि शेवटी डेन्मार्कचे राज्य आयते त्याच्या पदरात पडते. या तीन आरशांपैकी एक काढून घेतला की सूड आणि राज्य यांचा जो हिशोब नाटक मांडते तो अर्धाच राहतो. ऑलिव्हिए यांनी एका माणसाच्या मनाची कहाणी सांगितली, आणि ती फार सुंदर सांगितली. परंतु एका राज्याची कहाणी तिच्यातून निसटली. असे बारकाईने सांगता आले, तर टीकेला काही अर्थ येतो.

मग काहीच न गाळले तर? तो प्रयोगही झालेला आहे. केनेथ ब्रॅना यांनी १९९६ साली दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीतला मजकूर एकत्र करून जवळजवळ अख्खे नाटक पडद्यावर आणले. चित्रपट चार तासांचा झाला. शब्दांच्या बाबतीत याहून प्रामाणिक काय असणार? पण चित्रपट केवळ शब्दांनी बोलत नाही. हॅम्लेट आणि ऑफेलिया यांचे संबंध कुठवर गेले होते, हे नाटककाराने झाकले ठेवले आहे. ब्रॅना यांनी त्या दोघांना शय्येवर दाखवून तो प्रश्न एका क्षणात निकालात काढला. नाटकात पोलंडहून परतणारा फोर्टिन्ब्रास अखेरीस दरबारात येऊन पोचतो. चित्रपटात त्याचे सैन्य चाल करून राजवाडा काबीज करते. शब्द एकही बदलला नाही, आणि अर्थ मात्र हलला. म्हणून तिसरा प्रश्न असा: जे नाटकाने मोकळे ठेवले होते, ते चित्राने बंद केले काय? वगळण्यातच बेइमानी असते असे नाही. भर घालण्यातही ती असू शकते, आणि ती पकडणे अधिक कठीण.

चौथा प्रश्न बदल्याचा. रंगभूमीवरचे एक साधन काढून चित्रपट त्याच्या जागी आपले साधन ठेवतो. ते त्याच तोलाचे आहे काय? स्वगताचेच पाहा. रंगमंचावर नट प्रेक्षकांसमोर उभा राहून मनातले मोठ्याने बोलतो आणि आपण तो संकेत मानतो. कॅमेरा चेहऱ्याशी जाऊन भिडला की तेच बोलणे ओरडल्यासारखे वाटते. म्हणून जगणे-मरणे यांचा विचार करणाऱ्या त्या प्रसिद्ध स्वगताचा काही भाग ऑलिव्हिए यांनी ओठ मिटलेले ठेवून केवळ आवाजात ऐकविला. ब्रॅना यांनी ते आरशापुढे म्हणविले, आणि आरशाआड राजा लपून पाहतो आहे. हेरगिरीने ग्रासलेल्या दरबाराचे सार त्या एका योजनेत आले.

या बदल्याचा सर्वांत मोठा नमुना ग्रिगोरी कोझिन्त्सेव्ह यांचा १९६४ चा रशियन चित्रपट. भाषांतर पास्तरनाकचे, संगीत शोस्ताकोविचचे. शेक्सपिअरच्या इंग्रजीतला एकही शब्द त्यात ऐकू येत नाही, आणि मजकूरही पुष्कळ कापलेला आहे. पण हॅम्लेट किल्ल्यात शिरताच त्याच्यामागे पूल उचलला जातो आणि हे राज्य म्हणजे तुरुंग आहे, हे सांगायला कोणी बोलावे लागत नाही. बापाच्या मृत्यूनंतर ऑफेलियाला सुतकाच्या पोशाखाखाली लोखंडी सांगाडा चढवितात. ते पाहताना ती वेडी का झाली हे डोळ्यांनाच कळते. फोर्टिन्ब्रासही येथे शाबूत आहे. मग शब्द जपणारा ब्रॅना अधिक इमानी की शब्द सोडून राज्य जपणारा कोझिन्त्सेव्ह? आमचे मत दुसऱ्याकडे झुकते. श्रोत्यांचे पहिल्याकडे झुकले तरी हरकत नाही, मात्र कारण सांगता आले पाहिजे.

आपल्याकडेही हा राजपुत्र पडद्यावर आला आहे. सोहराब मोदींचा 'खून का खून' १९३५ चा, किशोर साहूंचा 'हॅम्लेट' १९५४ चा. २०१४ साली विशाल भारद्वाज यांनी 'हैदर'मध्ये ही कथा १९९५ च्या काश्मीरात नेली. भुताऐवजी तेथे बापाचा निरोप आणणारा जिवंत माणूस आहे. पण खरा बदल शेवटी आहे. नाटकातला हॅम्लेट अखेर चुलत्याला ठार करतो. हैदर मात्र जायबंदी होऊन पडलेल्या चुलत्याला तसाच सोडून निघून जातो. ही बेइमानी झाली काय? सूड घ्यावा की न घ्यावा, हीच जर या नाटकाची गाठ, तर त्या गाठीला हात घालून दिग्दर्शकाने वेगळे उत्तर दिले. ज्याने गाठच पाहिली नाही आणि ज्याने ती पाहून निराळी सोडविली, त्या दोघांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. आम्ही दुसऱ्याला बेइमान म्हणणार नाही. तो मूळ नाटकाशी वाद घालतो आहे, आणि वाद घालायला आधी ऐकून घ्यावे लागते. याउलट काही चित्रपट नाव तेच ठेवतात, पोशाख तेच ठेवतात आणि गाठ तेवढी विसरतात. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

एवढा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. शंभरांतल्या पुष्कळांना अभिजात नाटक आयुष्यात पहिल्यांदा भेटते ते पडद्यावर, आणि कित्येकांना तेथेच शेवटचे. ज्याची 'हॅम्लेट'शी ओळख एका चित्रपटाने झाली, त्याच्यापुरता फोर्टिन्ब्रास कधी जन्मलाच नाही. त्याला आपण बेफिकीरपणे 'अगदी तसेच आहे' असे सांगितले, तर पुस्तक उघडण्याचे एक कारण आपणच हिरावून घेतले असे होते. आणि 'सगळे बिघडविले' असे सांगितले, तर कदाचित एक चांगला चित्रपट त्याच्या हातून सुटतो.

म्हणून पुढल्या खेपेला थिएटराच्या दारात वाद पेटला, तर हे चार प्रश्न विचारून पाहावे. कोणते मूळ? जे गेले ते कोणत्या कामाचे होते? जे घातले त्याने काय बंद केले? आणि जे बदलले ते त्याच तोलाचे आहे काय? शेवटी, नाटकाची गाठ दिग्दर्शकाला दिसली होती काय, हे पाहावे. या प्रश्नांची उत्तरे द्यायची तर नाटक पुन्हा एकदा वाचावेच लागेल. तेवढे झाले तरी आजचा हा तास कारणी लागला असे आम्ही समजू.