नॉर्मल बाळंतपणातली जखम

बाळाला बघायला आलेली प्रत्येक बाई एकच विचारायची, "नॉर्मल की सिझर?" मी "नॉर्मल" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. "सुटलीस गं बाई!" तेव्हा मी बाजेवर सगळा भार डाव्या मांडीवर टाकून, कलंडून बसलेली असायचे. कारण उजवीकडे टाके होते.

हे टाके पडल्याचं मला आयाबाईंकडून कळलं. बाळंतपणानंतर पहिल्यांदा लघवीला नेताना त्या म्हणाल्या, "ताई, जपून बसा, खाली टाके घातलेत." कधी कापलं, का कापलं, याबद्दल डॉक्टर किंवा सिस्टर एक शब्दही बोलल्या नव्हत्या. पुढे मैत्रिणींना विचारलं, तर बहुतेकींचं तेच. अंगावर जखम घेऊन आम्ही घरी आलो होतो आणि तिचं नावही आम्हाला माहीत नव्हतं.

तिचं नाव एपिसिऑटॉमी. लेबर रूममध्ये नुसतं "एपी दिली" म्हणतात. बाळाचं डोकं दिसू लागतं, कळ ओसरली तरी मागे सरत नाही, तेव्हा योनीमार्गाच्या तोंडाशी कात्रीने छेद देतात. आधी तिथे भूल देणारं इंजेक्शन द्यायचं असतं. छेद तिरका घेतात, साधारण साठ अंशांच्या कोनात, बहुधा बाईच्या उजव्या अंगाला. तो सरळ खाली घेतला तर फाटत फाटत गुदद्वारापर्यंत जाण्याची भीती असते. वार पडल्यावर आतलं अस्तर, मग स्नायू, मग कातडी असे थराथराने टाके घालतात. हे टाके विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. म्हणजे "किती टाके पडले?" या नेहमीच्या प्रश्नाला तसा अर्थ नाही. कातडीवर चार दिसले तरी खाली स्नायू शिवलेला असतो, आणि दुखतो तो स्नायू.

ही पद्धत आली कुठून? डब्लिनच्या फील्डिंग ऊल्ड या डॉक्टरांनी 1742 साली अडलेल्या बाळंतपणासाठी असा छेद सुचवला. तो अडचणीतला उपाय होता. 1920 साली शिकागोच्या जोसेफ डीली यांनी मात्र सरसकट छेद घेऊन चिमट्याने बाळ काढावं असा आग्रह धरला. वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं भरतं, असा त्यामागचा विचार. तो वरवर पटण्यासारखा आहे. शिंप्याला विचाराल तर तोही हेच सांगेल. पण शरीर म्हणजे कापड नव्हे. 1993 साली अर्जेंटिनात सुमारे 2,600 बायकांचा अभ्यास झाला. एका गटात शंभरातल्या 83 जणींना छेद दिला, दुसऱ्या गटात गरज दिसली तरच, म्हणजे तिसेक जणींना. खूप खोलवर फाटण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच, अगदी कमी निघालं. सरसकट कापून काहीच वाचलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली स्पष्ट सांगितलं, आपोआप होणाऱ्या बाळंतपणात सरसकट छेद देऊ नये.

याचा अर्थ छेद कधीच नको असा नाही. बाळाचे ठोके कोसळत असतील, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायचा असेल, तर तो छेद बाळाला वाचवतो आणि त्याबद्दल डॉक्टरांचे आभारच मानावेत. माझं म्हणणं एवढंच, की बाईला सांगा. "बाळाला त्रास होतोय, थोडं कापावं लागेल, चालेल ना?" हे वाक्य बोलायला पाच सेकंद लागतात. आणि नववा महिना लागण्याआधीच तपासणीच्या वेळी बाईनेही विचारावं, "डॉक्टर, तुम्ही एपी कधी देता?" पस्तिसाव्या आठवड्यापासून त्या भागाला बोटाने हलका मसाज केला, तर विशेषतः पहिलटकरणीला छेदाची गरज कमी पडते. डोकं बाहेर येताना कोमट पाण्याच्या घडीने शेकलं तर खोलवर फाटणं कमी होतं. या दोन्ही गोष्टींना काही खर्च नाही.

आता घरी आल्यावरचं. पहिले दोन-तीन दिवस लघवीची आग होते. त्यावर सगळ्यात चांगला उपाय मला माझ्या मावशीने सांगितला. लघवी करतानाच मगाने कोमट पाणी ओतत राहायचं. आग निम्म्याने कमी होते. धुवायचं नेहमी पुढून मागे, मग मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही. पॅड दर तीन-चार तासांनी बदलायचं. पहिल्या दिवशी सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, नंतर दिवसातून दोनदा कोमट पाण्याच्या टबात दहा मिनिटं बसणं. पॅरासिटामॉलची गोळी दूध पाजणारीला चालते. दुखणं सोसून दाखवण्यात काही मोठेपणा नाही.

आपल्याकडच्या काही रीतींबद्दल मात्र आईशी, सासूशी वाद घालायची वेळ येते, आणि तो घालावा. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, भाजी वर्ज्य, नुसता तूप-भात. त्याने शौचाला खडा होतो, कुंथावं लागतं आणि टाक्यांवर ताण येतो. तिला भरपूर पाणी हवं, पालेभाजी, फळं हवीत, लागलं तर रात्री इसबगोल. डिंकाचे लाडू आणि आळिवाची खीर सुखाने खावी. बाजेखाली शेगडी ठेवून टाक्यांना शेक-धुरी देऊ नये. तिथली कातडी नाजूक आणि सुजलेली असते, भाजल्याचं वेळेवर कळत नाही. बंद खोलीत कोळसा पेटवणं तर बाळाच्याही जिवाला धोक्याचं.

कातडी दोन-तीन आठवड्यांत भरते, आतलं सहाएक आठवडे घेतं. ताप आला, दुर्गंधी येऊ लागली, पू दिसला, टाका उसवला, दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, किंवा तासाभरात पॅड भिजू लागलं, तर सव्वा महिना संपायची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणखी एक गोष्ट बायका मरणाच्या लाजेने लपवतात. वारा आवरत नाही, शौचाचा वेग थांबवता येत नाही. हे आळशीपणाचं किंवा "आता असंच व्हायचं" असं दुखणं नव्हे. आतला गोल स्नायू फाटल्याची ती खूण असू शकते. त्यावर उपचार आहेत.

आरोग्य केंद्राच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आपल्या आशाताई, बाळंतपणानंतर बाळाला बघायला घरी येतात, पहिल्यांदा तिसऱ्या दिवशी, शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन झालं की त्यांना टाक्यांचंही सांगा.

आणि तुम्ही कुणाकडे बाळ बघायला जाणार असाल, तर झबलं-टोपडं हातात ठेवण्याआधी बाळंतिणीजवळ बसून हळूच विचारा, "बसता येतंय का गं नीट?"