उंबराचे फूल कोठे असते?

चिखलदऱ्याहून मेळघाटात उतरताना एप्रिल-मे महिन्यांत साग निष्पर्ण उभा असतो. नाल्याकाठचा उंबर मात्र खोडापासून लालसर फळांनी लगडलेला दिसतो. हरियाल, वानर, अस्वल यांचा ऐन उन्हाळ्यातला शिधा तो हाच.

उंबर, वड, पिंपळ, फणस आणि तुती ही सारी एकाच, म्हणजे तुतीच्या कुळातली झाडे. पांढरा चीक ही त्यांची ओळखीची खूण. तुतीच्या पाल्यावर रेशमाचे किडे पोसले जातात. वड, पिंपळ, उंबर व पायर यांच्या साली आयुर्वेदातील पंचवल्कलात येतात. उंबराचे लाकूड तसे हलक्या प्रतीचे, पण पाण्याखाली टिकणारे. म्हणून पूर्वी ते विहिरीच्या बांधकामात घालीत.

दुर्मीळ गोष्टीला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. वस्तुतः ज्याला फळ समजतो, त्याच्या पोकळीतच शेकडो बारीक फुले दडलेली असतात. उंबर फोडल्यावर उडणारी चिलटे पाहून नाक मुरडू नये! गांधीलमाशीच्या गणातली ही इवली माशी टोकाच्या छिद्रातून आत शिरते, परागीभवन करते आणि तेथेच अंडी घालते. वडाची माशी निराळी, पिंपळाची निराळी. बाहेर पडलेल्या मादीचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतील दुसरा उंबर गाठावा लागतो. नाल्याकाठचे उंबर विरळ होत गेले, तर हा शोध अधिकाधिक कठीण होतो, आणि माशी पोहोचली नाही तर कच्ची फळे न पिकताच गळून पडतात.