विणीची मजुरी

दिवाळीपूर्वीं भरणाऱ्या महिलांच्या प्रदर्शनांत बाळंतविड्याच्या मेजापाशीं आम्ही हटकून रेंगाळतों. कुंच्या सुबक, पायमोजे मऊ. किंमत मात्र जेमतेम लोकरीपुरती! फावल्या वेळच्या विणकामाचे पैसे कसे घ्यावे, हा भगिनींचा संकोच आम्हांस पटत नाहीं. स्वेटराचा गळा चुकला कीं उसवून पुन्हां टांके घालावे लागतात. तो वेळ का फुकटचा? शिवाय, शेजारच्या मेजावर जिला विणकामावर घर चालवावयाचें असतें, तिचाही भाव त्यानें पडतो. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें १९०९ सालीं निघालेल्या पुण्याच्या सेवासदनानें स्त्रियांस शिवणकाम शिकविलें, तें केवळ हौसेखातर नव्हे. तास वहींत टिपावे. चिठ्ठीवर लोकर व मजुरी निरनिराळ्या लिहाव्या. घासाघीस करणारें गिऱ्हाईकही मग दुसऱ्या आंकड्यापाशीं जरा अडखळतें.