ट्रॅकवर उतरताना तापते गाडी आणि माणूसही

एप्रिल उजाडला की मांजरीत, सोलापूर रस्त्यालगतच्या गॅरेजांमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘गाडी तापतेय.’ बहुतेक गाड्या हडपसरच्या कोंडीत एसी लावून उभ्या राहिल्यामुळे तापलेल्या असतात. पण अलीकडे काही तरुण वेगळाच प्रश्न घेऊन मेकॅनिककडे येतात. ‘पुढच्या रविवारी गाडी ट्रॅकवर न्यायची आहे, काय काय बघून घेऊ?’

मांजरीची ओळख सिरम इन्स्टिट्यूटच्या लशींमुळे जगभर झाली. तिचे संस्थापक सायरस पूनावाला यांनीही तरुणपणी मित्राबरोबर जॅग्वार डी-टाइपच्या धर्तीवर स्पोर्ट्स कारचा नमुना तयार केला होता. वेगाचे वेड इथे नवे नाही. रस्त्यावर जीव धोक्यात घालण्याऐवजी बंदिस्त ट्रॅकवर ही हौस भागवण्याची सोय आता आहे, एवढेच. रोजच्या वापरातली गाडी घेऊन जायचे, पंधरा-वीस मिनिटे फेऱ्या मारायच्या, थांबायचे, पुन्हा उतरायचे. याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नसते आणि बक्षीसही नसते. पुण्यातले हौशी त्यासाठी कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक गाठतात. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवरही वेगाची हौस असणाऱ्यांचा राबता असतो. मात्र उन्हाळ्यात हा बेत आखताना गाडीइतकीच स्वतःचीही तयारी करावी लागते.

उष्णता जाते कुठे?

पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश भागच गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपात सायलेन्सर आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. रेडिएटरचे काम कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालते. हवाच ४० अंशांवर असेल, तर हा फरक कमी होतो आणि उष्णता सावकाश बाहेर पडते. शिवाय ४० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. त्यामुळे इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो आणि ताकदही थोडी घटते.

कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचे मिश्रण. रेडिएटरचे झाकण आतला दाब वाढवून ठेवते, म्हणून हे मिश्रण १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले असेल, तर दाब टिकत नाही आणि चांगले कूलंटही उकळते. म्हणून ट्रॅकवर जाण्यापूर्वी झाकण, होस पाइप, त्यांचे क्लिप, पाण्याचा पंप आणि पंखा नीट तपासून घ्यावा. रेडिएटरच्या जाळीत अडकलेली धूळ, कचरा आणि किडे हलक्या पाण्याने धुऊन काढावेत. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचे व ताजे असावे आणि पट्टीवरच्या वरच्या खुणेजवळ असावे. वळणांवर ऑइल एका बाजूला जाते. ते कमी असेल, तर पंप काही क्षण हवा ओढतो आणि बेअरिंग घासतात.

एक गोष्ट कधीही करू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. दाब सुटताच आतले द्रव एका क्षणात उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. इंजिन पूर्ण गार होईपर्यंत थांबावे. भाजलेच, तर त्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये.

एका ब्रेकमागे बारा कप चहा

ट्रॅकवर इंजिनापेक्षा ब्रेक आधी हार मानतात. चालकासह ११०० किलो वजनाची गाडी ताशी १२० किलोमीटरवरून ५० वर आणली, तर सुमारे ५०० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत दीड लिटर पाण्याला, म्हणजे बारा कप चहाच्या आधणाला, उकळी येईल. ही सगळी उष्णता दोन-तीन सेकंदांत चार चाकांच्या ब्रेकमध्ये, त्यातही मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, शिरते. प्रत्येक फेरीत असे चार-पाच वेळा होते.

ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतले बाष्प शोषून घेते. पुण्याचे एक-दोन पावसाळे पाहिलेल्या गाडीत ते बरेच शोषलेले असते. डॉट-४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, तर साधारण पावणेचार टक्के पाणी शिरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. म्हणून पायाखालचे पॅडल अचानक मऊ लागते आणि तळापर्यंत जाते. अपघात इथेच होतात.

उपाय फार खर्चाचा नाही. आदल्या आठवड्यात ब्रेक ऑइल पूर्ण बदलून नळ्यांतली हवा काढून घ्यावी आणि पॅडची जाडी पाहावी. फेऱ्या संपवताना शेवटची फेरी सावकाश मारावी, म्हणजे वाऱ्याने डिस्क गार होतात. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण तापलेले पॅड चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी.

टायरचेही असेच. हवा तापली की दाब वाढतो. ३० अंशांवर ३० पीएसआय भरलेली हवा ८० अंशांवर गेली, तर दाब ३७ च्या आसपास पोहोचतो. टायर फुगतो, मधलाच भाग रस्त्याला टेकतो आणि पकड कमी होते. म्हणून फेऱ्यांनंतर लगेच दाब मोजून जास्तीची हवा काढतात. मात्र घरी निघण्यापूर्वी, टायर गार झाल्यावर, ती पुन्हा नेहमीइतकी भरायला विसरू नये. टायर किती जुना हे त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांवरून कळते. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कडेला बारीक चिरा दिसत असतील, तर त्या टायरवर ट्रॅकला जाऊ नये.

गाडीचा दिलासा, माणसाला ताप

एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो आणि रेडिएटरला तापलेली हवा देतो. म्हणून ट्रॅकवर एसी बंद ठेवतात. इंजिन फारच तापले, तर हीटर सुरू करून उष्णता आत ओढण्याची जुनी युक्ती आहे. गाडीला त्याने आराम मिळतो, पण हेल्मेट आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालून आत बसलेल्या माणसाचे काय?

शरीरही एक इंजिनच आहे. फरक इतकाच, की त्याची मर्यादा फार अरुंद आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते आणि ४० च्या पुढे गेले तर उष्माघाताचा धोका असतो. बाहेरची हवा शरीराइतकीच तापलेली असली की घामाचे बाष्पीभवन हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम सुकताना शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे वर सांगितलेल्या जवळपास पाच ब्रेकइतकी. पण हेल्मेटखाली निथळणारा घाम सुकत नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झाले तरी लक्ष विचलित होऊ लागते. ब्रेक कुठे दाबायचा हे ठरवताना अर्ध्या सेकंदाची चूक तिथे महाग पडते.

कसलेल्या चालकांनाही हे चुकत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची शर्यत उकाड्यामुळे २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करावी लागली. पुढच्याच महिन्यात कतारमध्ये, तेही रात्री, फॉर्म्युला वनचा लोगन सार्जंट उष्णतेने हैराण होऊन शर्यत सोडून बाहेर आला आणि एस्तेबान ओकोंला हेल्मेटमध्येच उलटी झाली. त्यानंतर २०२५ पासून अति उष्ण शर्यतींसाठी चालकाला गारवा देणाऱ्या यंत्रणेचा नियम आला.

हौशी माणसाने तयारी आदल्या दिवसापासून करावी. पुरेसे पाणी, पुरेशी झोप, मद्य वर्ज्य. सोबत मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, कैरीचे पन्हे किंवा ओआरएस असावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मीठ-साखर किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारावे. रक्तदाबाची लघवी वाढवणारी औषधे आणि सर्दीच्या काही गोळ्या शरीराला गार होण्यात अडथळा आणतात, तेही विचारून घ्यावे. फेऱ्या सकाळी उरकाव्यात, मध्ये सावलीत बसावे. सकाळी आणि दुपारी वजन करून पाहिले, तर किती पाणी गेले ते लगेच कळते.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे आले, तर पुढची फेरी सोडून द्यावी. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याची शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजून १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला सावलीत आणून हेल्मेट आणि जाड कपडे काढावेत, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा. शुद्ध नसताना तोंडाने पाणी पाजू नये. पाहायला आलेल्या लहान मुलांना उभ्या गाडीत बसवून ठेवू नये. उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात बाहेरच्यापेक्षा कितीतरी अधिक तापते.

विमा आणि कायदा

आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार विम्यात आयोजित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. म्हणून विमा कंपनीला आधी विचारावे. ट्रॅकवर रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय आहे का, हेही पाहावे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. सोलापूर रस्ता पहाटे कितीही मोकळा दिसला, तरी तो ट्रॅक नव्हे.

ज्या गाडीने फेऱ्या मारल्या, त्याच गाडीने घरी यायचे असते. परतीला निघण्यापूर्वी कूलंट, ब्रेकचे पॅडल आणि टायरमधली हवा पुन्हा एकदा पाहावी. दिवसभर उन्हात शिणलेला चालक असेल, तर स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती द्यावे किंवा रात्री मुक्काम करून सकाळी निघावे.