क्लचची थरथर पुन्हा का येते?

मागच्या वेळी आपण ‘कारण’ या संकल्पनेकडे न्यायदर्शनाच्या अंगानं पाहिलं. आज तीच गोष्ट हिंगण्याच्या रस्त्यावर आणू. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली ओम्नी २०१९ मध्ये बनायची थांबली, पण अजून धावते आहे. कुणाचं घरच तिच्यावर चालतं. अशा जुन्या गाडीत पहिला गिअर टाकून क्लच सोडला, की कधीकधी सगळी गाडी थरथरते. प्लेट बदलतात, काही महिने बरे जातात, आणि थरथर परत हजर! पैसे दुसऱ्यांदा जातात. असं का होतं?

थरथर म्हणजे काय, ते आधी पाहू. स्थिर घर्षण हे सरकत्या घर्षणापेक्षा जास्त असतं. त्यामुळे प्लेट फ्लायव्हीलला धरते, सुटते, पुन्हा धरते. एका सेकंदात कितीतरी वेळा. फळ्यावर खडू किंचाळतो ना, तसंच. म्हणजे थरथर प्लेटवर दिसते, पण तिचं मूळ दुसरीकडे असू शकतं.

आता अन्वय-व्यतिरेक लावू. हे असेल तर ते असतं का, हे नसेल तर ते नसतं का? क्लच पूर्ण सुटल्यावर, वेगात असतानाही गाडी हादरत असेल, तर क्लचला दोष देऊ नका. प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट बघा. इंजिन उभ्या गाडीतही अडखळत असेल, तर आधी ते ठीक करा. फक्त गाडी उचलतानाच थरथर असेल, तर इंजिनाचे माउंटिंग रबर आणि क्लचची केबल तपासा. ही कामं गिअरबॉक्स न उतरवता होतात, म्हणून ती आधी.

एवढं करूनही थरथर राहिली, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. तेव्हा मेकॅनिकजवळ उभं राहून जुनी प्लेट बघा. तेलकट आहे? मग क्रँकचं किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऑइल सील गळतंय. सील तसंच ठेवून नवी प्लेट टाकली, तर तीही तेल पिणार. फ्लायव्हीलवर निळे डाग आहेत? ते उष्णतेचे. फेस मारून घ्या, नाहीतर तो बदला. प्रेशर प्लेट वाकली आहे का, तेही पाहा. आणि हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवायची सवय असेल, तर ती सोडा. नाहीतर ते डाग नव्या प्लेटमागेही येतील.

मजुरी मुख्यतः गिअरबॉक्स उतरवण्याची असते, सील त्यामानानं स्वस्त. तेव्हा प्लेट बदलण्याआधी एकच विचारायचं: ही खराब कशानं झाली? उत्तर मिळेपर्यंत गिअरबॉक्स परत चढवू देऊ नका.