बसने जावे, पायी फिरावे : मारुंजीच्या आसपासच्या पाच वाटा

आमच्या घरात एकच दुचाकी आहे आणि ती रोज सकाळी सात वाजता मुलांच्या अब्बांबरोबर हिंजवडीला कामावर जाते. रविवारी ती घरी असते, पण आम्ही पाच माणसे: आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी. पाच जण दुचाकीवर मावत नाहीत. त्यामुळे कित्येक वर्षे आमच्या रविवारचा अर्थ एकच होता. मुले मोबाइलवर, मी स्वयंपाकघरात आणि अम्मी खिडकीत.

मागच्या वर्षी सासरे अल्लाहला प्यारे झाले. अम्मींनी इद्दतचे चार महिने दहा दिवस घरात काढले. इद्दत संपली, पण अम्मी काही बाहेर पडेनात. चौथ्या मजल्यावरच्या घरात कुराणपठण, जेवण आणि झोप, इतकेच त्यांचे दिवस उरले. साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, "गोळी वाढवतो, पण यांना चालवा." इमारतीखाली चालायला त्या तयार नव्हत्या. "गाड्यांमध्ये काय चालायचं?" त्यांचेही खरेच होते. मारुंजीचा रस्ता आता माणसांसाठी राहिलेला नाही.

शेवटी एका रविवारी मी डबा भरला आणि म्हटले, "अम्मी, बसने जाऊ या. खिडकीची जागा तुमची." त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही पाच वाटा फिरलो. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि ज्यांच्या घरात अशीच एक खिडकी आहे, त्या भगिनींसाठी हा लेख.

पहिली वाट : घराजवळची

मारुंजी हे मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या मधले गाव. आयटी पार्कने गावाचा चेहरा बदलला, तरी नेरे आणि कासारसाईच्या बाजूला अजून शेती आहे, ऊस आहे, भाताची खाचरे आहेत. मिळेल त्या बसने किंवा शेअर रिक्षाने नेऱ्यापर्यंत जावे आणि पुढे कासारसाई धरणाच्या दिशेने झेपेल तितके चालावे. चढ फारसा नाही. सकाळी फजरनंतर निघालात तर ऊन तापायच्या आत परत येता येते. सुरुवात इथूनच करा. पहिल्याच दिवशी गड चढायला गेलात, तर दुसऱ्या रविवारी कोणी उठणार नाही.

अम्मी पहिल्या दिवशी जेमतेम एक किलोमीटर चालल्या. बांधावर बसून त्यांनी चहा घेतला आणि समोरच्या रानाकडे बराच वेळ पाहत राहिल्या.

दुसरी वाट : घोरावडेश्वर

हिंजवडी किंवा डांगे चौकातून निगडीला जावे आणि तिथून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तळेगावकडे जाणारी बस धरावी. देहूरोड ओलांडल्यावर डोंगराच्या पायथ्याशी उतरता येते. लोकलने जायचे असेल तर बेगडेवाडी हे जवळचे स्टेशन. वर जायला पायऱ्या आहेत. थांबत थांबत गेलात तर पाऊण तास पुरतो.

इथली लेणी मुळात बौद्ध भिक्षूंची. पुढे त्यात शिवमंदिर झाले. संत तुकाराम ज्या डोंगरांवर चिंतनासाठी जात, त्यांत भंडारा आणि भामचंद्र यांच्याबरोबर या डोंगराचेही नाव घेतले जाते. वरून एक्सप्रेस वे दिसतो, गहुंजेचे क्रिकेट मैदान दिसते. माझा मुलगा मैदान बघून खूश आणि अम्मी वारा खाऊन.

एक गोष्ट आम्ही ठरवून पाळतो. डोंगरावर देवस्थान असेल तर डबा शाकाहारी न्यायचा. चपाती, बटाट्याची भाजी, ठेचा आणि गूळ-शेंगदाणे. शेजारधर्म घरासमोर जितका, तितकाच डोंगरावरही.

तिसरी वाट : मळवली आणि भाजे

ही वाट बस आणि लोकल मिळून होते. चिंचवड किंवा आकुर्डीपर्यंत बस आणि पुढे लोणावळा लोकलने मळवली. स्टेशनावरून एक्सप्रेस वे ओलांडून भाजे गावापर्यंत सपाट रस्ता, मग लेण्यांच्या पायऱ्या. इथे सुमारे २२ लेणी आहेत आणि त्यातली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. मोठ्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे ते लाकूड आजही जागेवर आहे. मुलांना हे सांगितले की ती मान वर करून बघत राहतात. पुरातत्त्व खात्याच्या स्थळांवर १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

ज्यांचे पाय तगडे आहेत त्यांनी पुढे लोहगडावर जावे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्यातील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात लोहगड आहे. आम्ही मात्र भाज्यातूनच परतलो. अम्मींचे गुडघे हे आमचे घड्याळ.

चौथी वाट : सिंहगड

स्वारगेटहून सिंहगडाच्या पायथ्याला शहर बस जाते. तिथून पायवाटेने दीड-दोन तासांचा चढ आहे. ही पाच वाटांतली सर्वांत कठीण. अम्मी आणि मी पायथ्याच्या झाडाखाली थांबलो. मुले अब्बांबरोबर वर गेली आणि दही खाऊन आली.

१६७० साली तानाजी मालुसरे यांनी प्राण देऊन हा गड जिंकला, हे सर्वांना माहीत आहे. त्याच्या साडेतीनशे वर्षे आधी, १३२८ च्या सुमारास, मुहम्मद बिन तुघलकाच्या फौजेने याच कोंढाण्याला वेढा घातला होता आणि नागनायक या कोळी सरदाराने तो कित्येक महिने झुंजवला होता, हे फार कमी जणांना माहीत असते. मुलांना दोन्ही कथा सांगाव्यात. डोंगराचा इतिहास एका पानाचा नसतो.

पाचवी वाट : पौड आणि मुळशी

ही वाट अम्मींनी स्वतः मागितली. त्यांचा जन्म मुळशी खोऱ्यातल्या एका वाडीवरचा. त्यांचे वडील मणियार. बांगड्यांच्या माळा खांद्यावर घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरत आणि बाजाराच्या दिवशी पौडला बसत. लहानपणी अम्मी त्यांच्याबरोबर चालत जात.

चांदणी चौकातून आम्ही पौडची बस धरली. पिरंगुटचा घाट उतरला आणि अम्मी खिडकीतून गावांची नावे सांगू लागल्या. जुलै होता. पौडला उतरून त्यांनी एका जागी उभे राहून इकडे-तिकडे पाहिले. "इथे चिंच होती," एवढेच बोलल्या. चिंच नव्हती. एक म्हातारी रानभाज्या घेऊन बसली होती. तिच्यापुढे टाकळा होता, कुर्डू होता. टाकळ्यात चण्याची डाळ घालायची की नुसता लसूण, यावरून दोघींचा चांगला वाद रंगला. म्हातारीने शेवटी एक जुडी फुकट दिली. अम्मींनी पैसे ठेवले, तिने परत केले, अम्मींनी पुन्हा ठेवले. चार महिने ज्यांचा आवाज आम्ही नीट ऐकला नव्हता, त्या रस्त्यात उभ्या राहून हुज्जत घालत होत्या. माझ्या मुलीने माझा हात दाबला. अल्हम्दुलिल्लाह.

तिथून एसटीने पुढे मुळशीला गेलो आणि पाणी दिसेल अशा बाजूने रस्त्याच्या कडेने चाललो. हे पाणी सुंदर आहे, पण त्याखाली गावे आहेत. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यातून 'सेनापती' झाले. धरण झालेच. त्याचे पाणी आजही डोंगरापलीकडे, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघरात जाते. अम्मी म्हणाल्या, "आमची आजी सांगायची, जमीन गेली तेव्हा बाया रस्त्यावर झोपल्या होत्या." ही गोष्ट आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

निघण्यापूर्वी

तिकीट : एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. आधारकार्ड जवळ ठेवा. शहर बसने दोन-तीन गाड्या बदलायच्या असतील तर दिवसाचा पास स्वस्त पडतो.

परतीची बस : उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ कंडक्टरला विचारा. आम्ही एकदा ऐकीव वेळेवर विसंबलो आणि मगरिबनंतर दीड तास रस्त्यावर उभे राहिलो. चूक आमचीच होती.

नमाज : थंडीच्या दिवसांत जोहर आणि असर यांत अंतर कमी असते, म्हणून जोहर डोंगरावर आणि असर परतीच्या स्टँडजवळ, असे आम्ही ठरवतो. एक चटई आणि वजूसाठी वेगळी बाटली पुरते. या वाटा शरई सफरच्या अंतरात बसत नाहीत. हनफी उलमा ते साधारण ७८ किलोमीटर मानतात. तेव्हा नमाज पूर्ण पढावी.

कपडे : बुरख्याचा घेर पायऱ्यांवर पायात येतो. घोट्याच्या वर राहील असा शिवून घ्या, खाली सलवार असतेच. चपला नकोत, पट्ट्याच्या सँडल किंवा बूट हवेत.

पाणी : हे सर्वांत महत्त्वाचे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात लहान मुले होती. तीही आपल्यासारखीच रविवारी फिरायला आलेली माणसे होती. वर डोंगरात पाऊस पडला की ओढा काही मिनिटांत वाढतो आणि खाली उभ्या असलेल्याला ते कळत नाही. पावसाळ्यात पाणी पाहावे, पाण्यात उतरू नये. मुलांनी हट्ट केला तरी नाही.

आता अम्मी आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी मुलीबरोबर चालतात, इमारतीखालीच, गाड्यांमधून. साखर पूर्ण उतरलेली नाही, पण डॉक्टरांनी गोळी वाढवलेली नाही. मारुंजीच्या टेकड्यांना मात्र दर महिन्याला नवे यंत्र लागलेले दिसते. गेल्या वर्षी जिथे करवंदे मिळाली, तिथे आता पत्र्याचे कुंपण आहे. म्हणून 'पुढच्या वर्षी जाऊ' असे म्हणू नका.

इन्शाअल्लाह सप्टेंबरमध्ये सोनकी फुलली की आम्ही पुन्हा भाज्याला जाणार आहोत. वाटेत भेटलात, तर सलाम जरूर करा. अम्मी टाकळ्याची कृती सांगतील. डाळ न घालता.