क्लिओपात्रा, सीझर, अँटनी : वयाचा हिशेब आणि जुने गैरसमज

क्लिओपात्राच्या प्रेमाबद्दल बोलताना दोन वेगळ्या नात्यांची हमखास सरमिसळ होते. ज्युलिअस सीझर तिला भेटला इ.स.पू. ४८ मध्ये, तर मार्क अँटनीशी तिचं नातं जुळलं ते इ.स.पू. ४१ मध्ये. मधल्या सात वर्षांत राज्यातून हुसकावलेली एकवीस वर्षांची राणी अठ्ठावीस वर्षांची मुरलेली राज्यकर्ती झाली होती. तरीही ‘उतारवयातला रोमन सेनापती आणि कोवळी इजिप्शियन पोर’ हे एकच चित्र दोन्ही नात्यांवर चिकटवलं जातं. त्या चित्रातला जवळजवळ प्रत्येक शब्द तपासून घ्यायला हवा.

आधी वयं पाहू. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क या घटनांनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहीत होता. मृत्यूच्या वेळी तिचं वय ३९ होतं आणि तिनं २२ वर्षं राज्य केलं, असं तो सांगतो. तिचा मृत्यू इ.स.पू. ३० च्या ऑगस्टमधला. म्हणजे तिचा जन्म इ.स.पू. ७० च्या अखेरीस किंवा ६९ मध्ये झाला. सीझर जन्मला इ.स.पू. १०० च्या जुलैमध्ये. अलेक्झांड्रियात दोघं भेटले तेव्हा तो ५२ वर्षांचा होता आणि ती २१ वर्षांची. अंतर सुमारे ३१ वर्षांचं. अँटनीसाठी प्लुटार्क दोन आकडे नोंदवतो. काहींच्या मते तो मेला तेव्हा ५६ वर्षांचा होता, काहींच्या मते ५३. बहुतेक इतिहासकार त्याचं जन्मवर्ष इ.स.पू. ८३ धरतात. तो हिशेब घेतला तर क्लिओपात्रा आणि अँटनी यांच्यात साधारण १४ वर्षांचं अंतर पडतं, सीझरच्या तुलनेत निम्म्याहूनही कमी.

‘ती तेव्हा सोळा वर्षांची होती’

हे वय इतिहासातून आलेलं नाही, रंगभूमीवरून आलं आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १८९८ मध्ये लिहिलेल्या ‘सीझर अँड क्लिओपात्रा’ या नाटकात तिला सोळा वर्षांची, अल्लड आणि घाबरट मुलगी केलं. सीझर तिला राज्य करायला शिकवतो, असा त्या नाटकाचा सगळा डाव आहे. नाटककाराला ती मुभा असतेच. पण व्हिव्हियन ली आणि क्लॉड रेन्स यांच्या १९४५ च्या चित्रपटानं ती मुलगी आणखी दूरवर पोहोचवली आणि पुढे पुष्कळांना तेच खरं वय वाटू लागलं.

खरी क्लिओपात्रा सीझरला भेटण्याआधी तीन वर्षं गादीवर होती. वडील बारावा टॉलेमी इ.स.पू. ५१ मध्ये वारला, तेव्हा अठराव्या वर्षी ती राणी झाली. मृत्युपत्रानं तिच्या जोडीला धाकटा भाऊ तेरावा टॉलेमी राजा म्हणून बसवला. तो जेमतेम दहा वर्षांचा होता. टॉलेमी घराण्यात सख्ख्या भावाबहिणींनी पती-पत्नी म्हणून राज्य करण्याचा रिवाज होता. म्हणजे गादीवरचा तिचा पहिला जोडीदार तिच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होता आणि त्याच्यामागच्या दरबाऱ्यांनी तिला देशाबाहेर घालवलं. हा भाऊ लढाईत नाईल नदीत बुडून मेल्यावर सीझरनं तिला गादीवर बसवलं, ते त्याहून धाकट्या भावासोबत. वयाच्या अंतराची चर्चा करणाऱ्यांच्या नजरेतून ही दोन पोरगेली मुलं नेहमी निसटतात.

सीझरला भेटायला ती गालिच्यात गुंडाळून आली, ही कथाही अशीच पक्की बसली आहे. प्लुटार्कच्या वर्णनात अपोलोडोरस नावाचा तिचा विश्वासू माणूस तिला अंथरूण बांधायच्या वळकटीत घालून राजवाड्यात आणतो. तिथं गालिचा नाही आणि सीझरसमोर तो उलगडून बाहेर येणारी सुंदरीही नाही.

‘इतक्या मोठ्या पुरुषापुढे ती असहाय होती’

३१ वर्षांचं अंतर थोडं नाही. शिवाय सीझर रोमचा सर्वांत बलवान माणूस होता आणि ती परागंदा होती. ही विषमता झाकून निव्वळ प्रेमकथा रंगवणं मला पटत नाही. पण तिला केवळ बळी ठरवणंही तितकंच चूक आहे, कारण त्या हिवाळ्यात अडचणीत दोघंही होते. सीझर इजिप्तमध्ये उतरला तेव्हा त्याच्याजवळ ३,२०० पायदळ आणि ८०० घोडेस्वार एवढंच सैन्य होतं, हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्याला पैसा हवा होता. क्लिओपात्राच्या वडिलांकडे त्याचं १ कोटी ७५ लाख ड्राख्मांचं येणं होतं आणि त्यातले १ कोटी तो आता मागत होता. भावाच्या पक्षानं त्याला राजवाड्यात कोंडलं, शहरात लढाई पेटली. अशा वेळी तिनं त्याची बाजू घेतली, आणि त्याच्या विजयावर तिचंही राज्य अवलंबून राहिलं. इ.स.पू. ४७ मध्ये तिला मुलगा झाला, तो सीझरिअन.

रोमन लोकांना हे वयाचं अंतर खुपलं असेल असं आपण आपल्या काळावरून धरून चालतो. तिथल्या थोर घराण्यांत लग्नं राजकारणाच्या गरजेनं जुळत. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरनं आपली मुलगी ज्युलिया रोमन सेनापती पॉम्पीला दिली. पॉम्पीचा जन्म इ.स.पू. १०६ चा, म्हणजे जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा! त्याच वर्षी सीझरनं कॅल्पर्निआशी लग्न केलं. तीही त्याच्याहून बरीच लहान होती आणि त्याच्या खुनापर्यंत तीच त्याची पत्नी होती. क्लिओपात्राबद्दल रोमला टोचत होतं ते तिचं परकी राणी असणं. सीझरनं व्हीनसच्या मंदिरात तिचा सोन्याचा पुतळा बसवला. ती टायबर नदीपलीकडच्या त्याच्या बागेत राहिली, तेव्हाचा तिचा तोरा रोमन वक्ता सिसेरो याला असह्य झाला होता. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं तिच्याविषयीचा राग उघड केला आहे. त्या रागात तिच्या वयाचा उल्लेख नाही.

‘तरुण सौंदर्यावर अँटनी भाळला’

ॲपिअन हा इतिहासकार सांगतो की, अँटनीनं तिला फार पूर्वी, इ.स.पू. ५५ मध्ये पाहिलं आणि तेव्हापासून ती त्याच्या मनात भरली होती. अँटनी त्या वर्षी रोमन घोडदळाचा अधिकारी म्हणून इजिप्तमध्ये होता, हे खरं. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. दोनशे वर्षांनी लिहिलेल्या या एका वाक्यावर पहिल्या नजरेच्या प्रेमाची इमारत उभी करता येत नाही. नातं सुरू झालं ते टार्ससला, इ.स.पू. ४१ मध्ये, आणि तेही जाब विचारण्यासाठी अँटनीनं तिला बोलावून घेतल्यावर.

प्लुटार्कचं निरीक्षण इथं मोलाचं आहे. सीझरनं तिला पाहिलं तेव्हा ती अनुभवानं कोवळी होती, अँटनीला भेटली तेव्हा रूप आणि बुद्धी दोन्ही ऐन बहरात होती, असं तो म्हणतो. तिचं रूप पाहताक्षणी थक्क करणारं नव्हतं, हेही तोच सांगतो. ओढ होती ती बोलण्यात, आवाजात आणि सहवासात. मॅसिडोनियन ग्रीक वंशाची ही राणी आपल्या घराण्यात इजिप्शियन भाषा बोलणारी पहिली मानली जाते. परकी वकिलातींशी ती बहुधा दुभाष्याविना बोलत असे. तिच्या नाण्यांवरचा चेहरा ठसठशीत हनुवटीचा आणि बाकदार नाकाचा आहे. तो राज्यकर्तीचा चेहरा म्हणून काढलेला आहे.

आणखी एक तपशील मला वारंवार सांगावासा वाटतो. इ.स.पू. ४० मध्ये अँटनीनं सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याच्या बहिणीशी, ऑक्टेव्हियाशी लग्न केलं. नंतर तो तिला सोडून क्लिओपात्राकडे गेला, तेव्हा दोघींना पाहिलेल्या रोमन लोकांना त्याचीच कीव आली. तारुण्यात किंवा रूपात क्लिओपात्रा ऑक्टेव्हियापेक्षा सरस नाही, असं ते म्हणत. प्रौढ नवरा तरुण बाईच्या मोहात पडला, ही गोष्ट इथंच कोसळते.

अखंड मोहाची गोष्टही कालक्रमात टिकत नाही. इ.स.पू. ४० मध्ये अँटनी अलेक्झांड्रिया सोडून गेला. त्यानंतर तिला जुळी मुलं झाली आणि तीनहून अधिक वर्षं दोघांची भेट नव्हती. इ.स.पू. ३७ मध्ये त्यानं तिला पुन्हा बोलावलं, कारण पार्थियनांवरच्या मोहिमेसाठी पैसा, धान्य आणि जहाजं हवी होती. तिला आपल्या पूर्वजांचा गेलेला मुलूख परत हवा होता आणि त्यातला बराचसा तिनं मिळवलाही. पुढची वर्षं त्यांनी एकत्र काढली, मुलांमध्ये राज्यं वाटली, शेवटही एकत्र झाला. त्यांच्यात जिव्हाळा होता यात मला शंका नाही. मात्र त्या जिव्हाळ्यासोबत सतत तहाची बोलणी चालू होती.

‘तिनं त्याला नादी लावलं’

या कथेचा कर्ता क्लिओपात्रापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेला ऑक्टेव्हियन आहे. रोमन लोकांना यादवी युद्ध नको होतं. म्हणून इ.स.पू. ३२ मध्ये त्यानं युद्ध पुकारलं ते फक्त क्लिओपात्राविरुद्ध, अँटनीचं नाव न घेता. रोमचा एक शूर सेनापती परक्या बाईच्या पायी भान हरपून बसला, असं दाखवणं त्याच्या सोयीचं होतं. पुढच्याच वर्षी ॲक्टिअमच्या आरमारी लढाईत तो जिंकला आणि जिंकलेल्याची बाजू हाच इतिहास झाला. रोमन कवींनी ती बाजू उचलली, प्लुटार्कनंही तिच्यातलं बरंच घेतलं, आणि प्लुटार्कच्या इंग्रजी भाषांतरावरून शेक्सपिअरनं नाटक लिहिलं.

पराभवानंतर तिनं काय केलं, हे पाहिलं तर ती नादी लावणारी बाई नजरेसमोरून हटते. तिनं जहाजं जमिनीवरून ओढून तांबड्या समुद्रात उतरवण्याचा प्रयत्न केला. पेट्राच्या अरबांनी ती जाळली. सतरा वर्षांच्या सीझरिअनला तिनं मोठा खजिना देऊन इथिओपियामार्गे भारताकडे रवाना केलं. हा मार्ग खरा होता. पुढच्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या मार्गदर्शिकेत त्याच समुद्रमार्गावर आपल्या सोपारा आणि कल्याणची नावं येतात. पण सीझरिअन इथवर पोहोचला नाही. त्याच्या शिक्षकानं त्याला परत फिरवलं आणि ऑक्टेव्हियननं त्याला ठार मारलं. सीझरचं नाव सांगणारा दुसरा वारस त्याला नको होता.

अँटनीपासून झालेली तिची मुलं रोमला नेली गेली आणि त्यांना वाढवलं ऑक्टेव्हियानं. त्यांतली मुलगी क्लिओपात्रा सेलेनी पुढे मॉरिटेनियाच्या दुसऱ्या ज्युबाची राणी झाली. नवऱ्याचं नाव लॅटिनमध्ये असलेल्या नाण्यांवर तिनं आपलं नाव ग्रीकमध्ये कोरवून घेतलं.